चुकांच्या घरातली खुर्ची

फ्रॅमकोट, ग्लॉस्टरशायर
२ जून १९२७

प्रिय ह्यूबर्ट,

तुझं पत्र पोचलं. व्हिटसनच्या सणाच्या सुट्टीत शनिवारच्या गाडीने येतो आहेस, सोबत कंपनीचा कागद आणतो आहेस, त्यावर तुझ्या मेहुण्याची, अँब्रोजची, एक सही हवी आहे, "बाकी सर्व क्षेम", असं तू लिहितोस. बाकी म्हणजे काय आणि क्षेम कोणाचं, याचा खुलासा पत्रात नाही. तो मी करते. नीट बस. पत्र लांब आहे आणि मी ते रागात लिहिते आहे. विनीताईला रागसुद्धा व्याकरणशुद्ध येतो, असं तू चिडवायचास. आपले म्हातारे पाद्री पुण्याहून निवृत्त होऊन इथे आले, त्यांच्या सगळ्या खुर्च्यांच्या बैठका मी लव्हाळ्याने विणून दिल्या आणि त्याच्या बदल्यात सहा हिवाळे त्यांनी मला संस्कृत शिकवलं, त्याचा हा परिणाम. तेव्हा विशेषणं जपून वापरीन. पण वापरीन.

आधी त्या कागदाचं. तुमच्या लंडनच्या कंपनीला आपल्या खुर्च्या-टेबलांच्या कारखान्याची खूण हवी आहे. बैठकीखाली तापलेल्या लोखंडाने डागलेलं ते ओकचं पान इथून पुढे तुमच्या प्रत्येक खुर्चीखाली असणार, आणि तुमच्या मालाच्या छापील पुस्तकात पहिल्याच पानावर अँब्रोज लिडनचं नाव. तू लिहितोस, मी पाठवलेली खुर्ची मास्तरांनी पाहिलीच आहे, त्यांना पसंतही आहे, मग हरकत कसली? पाहिली आहे! त्याला किती दिसतं हे तुला ठाऊक आहे. उजेड आणि अंधार. दारात कोणी उभं राहिलं तर एक सावली, आणि ती सावली माझी की आपल्या कारागिराची, सायलसची, हे त्याला पावलांवरून कळतं. अशा माणसाची पसंती तू पुरावा म्हणून मांडतोस. वकील व्हायला हवं होतंस.

खुर्ची मार्चमध्ये आली, नेमकी त्याच्या त्रेसष्टाव्या वाढदिवशी. वेळ पाळलीस, तेवढं श्रेय घे. सायलसने ती गाडीवरून उतरवली, पेंढा झटकला, दोन पावलं मागे सरून पाहिली आणि म्हणाला, "बाई, चेहरा तर आपल्याच घरातला. पण लंडनला राहून पावडर जरा जास्त लावायला लागली पोरगी." खरंच, रंग दाट होता. लाकडाच्या रेषा त्याखाली बुडाल्या होत्या. आम्ही ती स्वयंपाकघरात चुलीशेजारी ठेवली. अँब्रोजने कोट काढला, बाह्या दुमडल्या, प्रार्थनेला निघाल्यासारखे हात धुतले आणि खुर्ची वाचायला घेतली. तुला माहीत आहे कशी. पाठीच्या वरच्या पट्टीपासून सुरुवात, मग उभे दांडे, मग हात, प्रत्येक सांध्यावर उजवा अंगठा. मध्येमध्ये हुंकार. डाव्या हाताच्या पट्टीशी, जिथे ती पुढच्या पायात शिरते आणि तिचं टोक पलीकडे बाहेर डोकावतं, तिथे अंगठा थांबला. मागे गेला. पुन्हा त्याच जागी आला. सायलस बोलायचा थांबला, आणि सायलस बोलायचा थांबणं ही आमच्या गावात सांगण्यासारखी गोष्ट आहे. मग अँब्रोजने हात काढून घेतला, पाटलोणीला पुसला आणि म्हणाला, "सुंदर. पोराचा हात शाबूत आहे." आणि खुर्चीत बसला.

मला काहीही कळलं नाही. मी केक कापत होते. दुपारी अंगणात लव्हाळा भिजवत होते, तिथे सायलस आला, टोपी हातात घेऊन, म्हणजे काहीतरी भयंकर सांगायचं असणार. "बाई, आज मास्तर खोटं बोलले." मी म्हटलं, "भरदुपारी सायडर प्यालास का?" तो म्हणाला, "प्यालो असतो तर बरं झालं असतं. जा, तुम्हीच अंगठा फिरवा. डोळे मिटून."

मी गेले, डोळे मिटले, अंगठा फिरवला. ह्यूबर्ट, मी सुतारीण नाही, पण गाडे बनवणाऱ्याची मुलगी आहे. ओकच्या टोकाला झाडाच्या नळ्यांची तोंडं उघडी असतात, म्हणून टोक खरखरीत लागतं, कितीही घासलं तरी. लाकडाचं अंग मात्र गुळगुळीत लागतं. आणि ते टोक गुळगुळीत होतं. म्हणजे ते टोक नव्हतंच. पायातून आरपार काहीही आलेलं नव्हतं. आत सरसात बुडवलेल्या दोन गोल खुंट्या, आणि बाहेर, जिथे कुसू, म्हणजे पट्टीचं पायात शिरणारं टोक, डोकावायला हवं, तिथे फळीतून कापलेली एक चौकोनी चकती, सरसाने डकवलेली. टिकली लावावी तशी. चारही सांध्यांना चार टिकल्या. आणि वर मला संताप कशाचा आला सांगू? चकती लावायचीच होती तर निदान रेषांना आडवी कापायचीस! रेषा उलट्या. ज्या माणसाने तुला लाकडाच्या रेषा शिकवल्या त्याला फसवायचं, आणि तेही इतकं निष्काळजीपणाने की आंधळ्याला पहिल्या हातात कळावं! त्या दिवसापासून मी तुझ्यावर दोन कारणांनी रागावले आहे, आणि त्यातलं कुठलं मोठं ते अजून ठरत नाही.

आता मला जे सांगायचं आहे ते तू जाणतोसच, पण लंडनमध्ये विसरायची सोय चांगली आहे असं ऐकते. अँब्रोज आणि त्याचे दोन मित्र इथे आले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, तू अकरा. तिघेही घरांचे नकाशे काढणारे, लंडनचे, स्वच्छ नखांचे. ते घरं बांधायचे आणि लोक त्या घरांत जे आणून भरायचे ते पाहून त्यांना मळमळायचं. यंत्रातून निघालेले द्राक्षांचे घोस, कपाटाला सिंहाचे पंजे, हलक्या लाकडावर चढवलेला महोगनीचा पातळ पापुद्रा, आणि सगळ्यावर आरशासारखं व्हार्निश, म्हणजे खाली काय दडलं आहे ते परमेश्वरालाही दिसू नये. त्यांनी बाबांची गाड्यांची सुतारशाळा पाहिली आणि शिकवा म्हणाले. बाबांनी विचारलं, "लाकडातलं काय येतं?" अँब्रोज म्हणाला, "चित्र काढता येतं." बाबा म्हणाले, "मग आधी भुसा झाडा." त्याने सहा आठवडे भुसा झाडला. मी त्याच्याशी लग्न केलं ते त्या सहा आठवड्यांसाठी. नंतरचं सगळं सामान बोनस.

बाबा गाड्याच्या दांड्यांच्या कडा छिलायचे, आठवतं? जिथे भार नाही तिथे छिलायची, जिथे सांधा आहे तिथे तशीच जाड सोडायची, म्हणजे गाडा हलका होतो आणि मोडत नाही. अँब्रोज ती कड पाहून खुळा झाला. याहून सुंदर रेघ आपण कधी कागदावर काढली नाही, असं म्हणायचा. बाबा म्हणायचे, "सुंदर का काय ते घोड्याला विचारा." गवत ओढायच्या दाताळ्याला जी दुफाटी कमान असते, तीच त्या तिघांनी जेवणाच्या टेबलाखाली पायांना जोडायला घेतली. गावात केवढं हसं झालं! टेबलाला व्हार्निश नाही, नुसतं जवसाचं तेल आणि मेण, प्रत्येक सांधा उघडा, पाचरा बाहेर. आपल्या मावशीने विचारलं होतं, "यावर कातडी चढवायची राहिली का?" आणि मग तीच मावशी, रोज संध्याकाळी, चहाच्या निमित्ताने येऊन त्या टेबलावर हात फिरवत बसायची. का, ते तिलाही सांगता यायचं नाही. मला वाटतं, ते टेबल तिच्यापासून काही लपवत नव्हतं. हे लाकूड त्या लाकडात इथे गेलं, इथे पाचर ठोकली, इथे पटाशी जरा घसरली, बस. तिच्या आयुष्यात इतकं सरळ बोलणारं दुसरं कोणी नव्हतं, तिच्या नवऱ्यासकट.

आणि काळाचं काय? पाय रुंदीला आकसतो, कुसू लांबीला आकसत नाही, म्हणून वर्षागणिक खऱ्या कुसवाचं टोक केसभर बाहेर येतं. अँब्रोज अजून अंगठा ठेवून खुर्चीचं वय सांगतो. तुझ्या चकत्यांचं वय काय सांगणार? त्या वाढणार नाहीत. गळणार आहेत.

पण मी आमच्या घराकडे वळते, कारण खरा विषय तिथे आहे. कारखान्याचा नियम तू मोडलास म्हणून तुला तो पुन्हा ऐकवते. चुकलेली वस्तू विकायची नाही, जाळायची नाही, झाकायची नाही. मास्तरांच्या घरी नेऊन वापरायची. माझा संसार त्यावर उभा राहिला. आमच्या पलंगाचा एक पाय आखूड आहे. सत्तावीस वर्षं मी उताराला झोपते. भांड्यांच्या कपाटाचं दार उलट्या बाजूला उघडतं, म्हणून पाहुण्यांना कपाट बंद आहे असं वाटतं आणि जाम वाचतो. सायलसने केलेल्या बाकावर एका टोकाला बसलं की दुसरं टोक सलाम करतं. पाद्री म्हणायचे, विनिफ्रेड, इतक्या दोषांनी संपन्न असं दुसरं घर माझ्या पाहण्यात नाही. मला या घराचा अभिमान आहे. यातली कुठलीही वस्तू मला फसवू शकत नाही, कारण प्रत्येकीने आपली चूक आधीच सांगून टाकली आहे.

आणि तुझी जुनी खुर्ची त्यात आहे, चुलीच्या दुसऱ्या बाजूला. तू एकोणीस वर्षांचा होतास. हाताच्या पट्टीचं कुसू अर्ध्या इंचाने आखूड कापलंस, पलीकडे पोचलंच नाही, खळगा राहिला. आणि तू त्या खळग्यात एक तुकडा बसवलास. सगळा कारखाना उभा असताना अँब्रोजने विचारलं, "हे काय?" तू म्हणालास, "टोक." तो म्हणाला, "कशाचं?" त्याने तुझीच पटाशी घेऊन तो तुकडा उचकटला, तुझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, "आता खुर्ची खरी झाली. घरी ने." तू डोळे पुसत ती घरी आणलीस, आणि त्याच दिवशी जेवायला त्याच खुर्चीत बसलास, आणि नंतर दुसऱ्या कोणाला बसू दिलं नाहीस. युद्धावरून परतलास तेव्हा दोन महिने तू तिच्यातच होतास, त्या खळग्यात बोट घालून. आम्हाला काही सांगितलं नाहीस. आम्ही विचारलं नाही. त्या खळग्याला बहुतेक सगळं ठाऊक असेल.

तू काय म्हणशील ते मला पाठ आहे, गेल्या नाताळात हंसाचं मांस चावत चावत तू ते म्हणून दाखवलंस. "ताई, तुमची खुर्ची बिशपला परवडते आणि बँकेच्या संचालकाला. माझी शाळामास्तरला परवडते. मग माणसांसाठी कोण काम करतंय, तुम्ही की मी?" यात तथ्य आहे, आणि ते आम्हाला टोचतं. ज्या कारागिराच्या सन्मानासाठी हे सगळं मांडलं, तो सायलस स्वतःच्या घरी पेटीवर बसून जेवतो, हे मलाही दिसतं. यंत्राबद्दल मी अवाक्षर काढणार नाही. करवत पट्ट्यावर फिरली म्हणून ओक बाटत नाही. दोन खुंट्यांची साधी खुर्ची कर. सांग उघड, ही दोन खुंट्यांची आहे, स्वस्त आहे, शाळामास्तरहो, खुशाल बसा. तिची बैठक मी स्वतः विणून देईन, आणि खाली तुझं जे काय चिन्ह असेल ते डाग. पण तू त्या बिचाऱ्या शाळामास्तरला खुर्ची विकत नाहीस. तू त्याला आरपार गेल्याचं सोंग विकतोस. व्हार्निशखाली खोटं लपवणाऱ्यांवर वैतागून ही माणसं लंडन सोडून आली, आणि तू लंडनला जाऊन खरेपणाचंच व्हार्निश बनवलंस. बाबा असते तर त्यांनी तुला भुसा झाडायला लावला असता. सहा आठवडे नाही. सहा वर्षं.

हे सगळं मी मार्चमध्येच लिहू शकले असते. लिहिलं नाही, कारण अँब्रोज गप्प होता, आणि मला वाटलं, त्याला खरोखर कळलंच नसेल. मास्तर खोटं बोलले म्हणणाऱ्या सायलसचाच कान पकडायला हवा. तशी मी स्वतःची समजूत घातली. सोयीची होती. तो रोज तुझ्या खुर्चीत बसून पाय शेकत होता आणि आल्यागेल्याला सांगत होता, ही ह्यूबर्टची.

परवा मंगळवारी मी अंड्यांची टोपली घेऊन आत आले तर तो गुडघ्यांवर, फरशी चाचपत होता. चुलीच्या धगीने डाव्या हाताची चकती सुटून पडली होती. मी ती उचलून त्याच्या हातात दिली. तो म्हणाला, "विनी, सरस गरम कर." मी विचारलं, "तुला माहीत होतं?" "मार्चपासून." "आणि तरी सही करणार?" "करणार. तो मागायला येतोय. इतक्या वर्षांत त्याने माझ्याकडे दुसरं काही मागितलेलं नाही." मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, पाद्रींनी ते शब्द शिकवले नव्हते. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "एकदा मी त्याची चकती चारचौघांत उचकटली. बरोबर केलं की चूक, पंचवीस वर्षं ठरत नाही. पुन्हा माझ्या हाताने ते होणार नाही. पोरगा शनिवारी येईल, त्याला कळता कामा नये." मग सरस लावला, आणि म्हणाला, "मला कड दिसत नाही. तू अंगठ्याने दाबून धर." आणि मी धरली, ह्यूबर्ट. या चुकांच्या घरात, तुझ्या जुन्या खुर्चीसमोर उभं राहून, मी ती खोटी चकती सरस धरेपर्यंत अंगठ्याने दाबून धरली, आणि अंगठ्याखाली तिची रेषा मला गुळगुळीत लागत होती. हे पत्र त्या अंगठ्याने लिहिलं आहे. अँब्रोजला ठाऊक नाही. तो सही करील. मला त्याला अडवता येणार नाही, तुलाच येईल. तेव्हा शनिवारी ये. कागद आणायचा तर आण. पण त्याआधी स्वयंपाकघरात जा, ती चकती स्वतःच्या हाताने काढ आणि त्याच्या तळहातावर ठेव, त्याने तुझ्या ठेवली होती तशी. मग ती खुर्ची या घरात राहू शकेल. आत्ता ती इथली एकटीच अशी वस्तू आहे जिने आपली चूक सांगितलेली नाही.

तुझीच, आणि अजून रागातच,
विनी

ता. क. पटाशी आणू नकोस. तुझी जुनी इथे खिळ्याला आहे, आज सकाळी मी तिला धार लावली. अँब्रोज आवाज ऐकून दारापर्यंत आला, म्हणाला, ही कोणाची? मी म्हटलं, ह्यूबर्टची. कशासाठी, ते त्याने विचारलं नाही. एवढंच म्हणाला, धारेच्या दगडावर तेल आणखी घाल.